लाटेसाठी बांधलेला खडक

समुद्रकिनारी उभे राहून लाटांकडे घटकाभर लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. सर्वच लाटा सारख्या फुटत नाहीत. एके ठिकाणी लाट एका टोकास फुटू लागते आणि तिचा पांढरा फेस हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. थोड्याच अंतरावर दुसरी लाट मात्र भिंत कोसळावी तशी एकदम खाली येते. दोन्ही लाटा एकाच समुद्राच्या आणि एकाच वाऱ्याने उठवलेल्या. मग त्यांच्या वागण्यात एवढा फरक का पडावा? याचे उत्तर पाण्यावर दिसत नाही. ते पाण्याखाली, समुद्राच्या तळाशी दडलेले असते.

खोल समुद्रात लाटेला तळाची जाणीव नसते. किनारा जवळ आला, पाणी उथळ झाले, की तळ तिला अडवू लागतो. १० मीटर खोल पाण्यात लाट दर सेकंदास सुमारे १० मीटर जाते. पाणी अडीच मीटर खोल उरले, की तिचा वेग निम्मा, म्हणजे सुमारे ५ मीटर होतो. वेग कमी झाला, की मागून येणारे पाणी पुढच्यावर चढते आणि लाट उंच होते. शेवटी तिला आपला तोल सावरत नाही व ती फुटते. सुमारे एक मीटर उंचीची लाट सव्वा मीटर खोल पाण्यात आली, की फुटण्याच्या बेतात असते.

लाट वळते, तेही याच कारणाने. शाळेच्या मैदानावर मुलांची एक लांब रांग कवायत करीत पुढे चालली आहे, असे समजा. रांगेच्या एका टोकाची मुले चिखलात शिरली, तर त्यांची पावले मंदावतील. दुसऱ्या टोकाची मुले कोरड्या जमिनीवर पूर्वीच्याच वेगाने चालत राहतील. साहजिकच सारी रांग चिखलाच्या बाजूस वळेल. समुद्रात एखादा बुडालेला खडक असला, तर लाटही अशीच त्याच्याकडे वळते आणि त्याच्या माथ्यावर प्रथम फुटते. खडकाच्या दोन्ही बाजू तिरप्या उतरत गेल्या असतील, तर फुटणारा फेस त्या उतारावरून क्रमाक्रमाने पुढे सरकतो.

लाटेच्या या क्रमाक्रमाने फुटण्यावर एक मोठा साहसी खेळ अवलंबून आहे. लांबट फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत जावयाचे, असा हा खेळ असून त्यास सर्फिंग असे म्हणतात. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरचे लोक शतकानुशतके तो खेळत आले आहेत. तेथील ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने १९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पुढे १९१४-१५ च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियात गेला. तेथेच मिळालेल्या लाकडाची फळी घडवून त्याने सिडनीजवळच्या समुद्रावर हा खेळ करून दाखविला. त्यानंतर त्या देशात या खेळाची आवड झपाट्याने वाढली.

लाटस्वाराला केवळ मोठी लाट पुरत नाही. सगळी एकदम कोसळणारी लाट त्याला क्षणभरही स्वारी करू देत नाही. फुटलेल्या आणि न फुटलेल्या पाण्याच्या सीमेवरून तो पुढे पळत असतो. म्हणून चांगली लाट म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीने फुटत जाणारी लाट. अशा लाटा निसर्गतः थोड्याच ठिकाणी मिळतात. तेव्हा, समुद्राच्या तळाशी आपणच एक खडक बांधला तर? असा विचार माणसाच्या मनात आला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एल सेगुंडो नावाचे एक गाव आहे. तेथील एका तेल कंपनीने किनाऱ्याची धूप थांबवून आपल्या मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी १९८० नंतरच्या काही वर्षांत समुद्रात दगडी बांध घातला. बांधाजवळ वाळू साठली आणि कंपनीचे काम झाले. परंतु वाळू हलली, तळ बदलला आणि तळाबरोबर लाटाही बदलल्या. ज्या लाटांवर गावची तरुण मंडळी आनंदाने स्वार होत, त्या आता नीट फुटेनात. बांधामुळे लाटा बिघडतील, अशी शंका लाटस्वारांनी आधीच बोलून दाखविली होती. किनाऱ्याची देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि लाटांचे नुकसान झाल्यास ते भरून द्यावे लागेल, अशी अट घातली. लाट ही कोणाच्या मालकीची वस्तू नसली, तरी तीही लोकांची ठेव आहे, हे यामुळे मान्य झाले.

नुकसानभरपाई म्हणून कंपनीने ३ लाख डॉलर दिले. त्या पैशांतून २००० साली किनाऱ्याजवळ कृत्रिम खडक बांधण्यास आरंभ झाला. लाटांच्या व किनाऱ्यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या टॉम प्रॅट याचे नाव त्यास देण्यात आले. वाळूने भरलेली सुमारे २०० पोती तळाशी रचण्यात आली. एकेक पोते सुमारे १४ टन वजनाचे होते. माणसाच्या दृष्टीने ते प्रचंड; समुद्राच्या दृष्टीने मात्र क्षुल्लक! खडक फारच लहान पडला. लाटा जणू तो नाहीच, अशा रीतीने त्यावरून निघून गेल्या. काही पोती वाळूत रुतली, काही फाटली. शेवटी २००८ नंतर ती बाहेर काढावी लागली. हेतू चांगला होता, न्यायही मिळाला होता. परंतु माप चुकले होते.

याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरा प्रयोग चालू होता. गोल्ड कोस्ट या शहराच्या एका भागात समुद्र आणि नदी यांच्यामध्ये जमिनीची अगदी अरुंद पट्टी आहे. त्या जागेला नॅरोनेक, म्हणजे अरुंद मान, असेच नाव पडले आहे. १९६७ साली या किनाऱ्यावर एकामागून एक वादळे आली आणि वाळूची विस्तीर्ण पुळण वाहून गेली. किनाऱ्यावरील घरे व रस्ते यांच्यापुढे संकट उभे राहिले. ही आठवण नगरातील लोक विसरले नाहीत. पुढे किनाऱ्यावर नवी वाळू आणून टाकण्याची मोठी योजना आखण्यात आली आणि ती वाळू टिकून राहावी म्हणून १९९९ साली नॅरोनेकसमोर कृत्रिम खडक बांधावयास घेतला. त्याच्याकडून लाटस्वारांचाही लाभ व्हावा, अशी अपेक्षा होती.

येथे चारशेहून अधिक पोती वापरण्यात आली. त्यांतील पुष्कळ पोती १५० ते ३०० टन वजनाची होती. अशी पोती उचलणार कोण? त्यासाठी तळ उघडणारे जहाज वापरले. जहाजातच जाड, चिवट कापडाचे पोते वाळूने भरावयाचे, ठरल्या जागी जहाज न्यावयाचे आणि तळ उघडून पोते समुद्रात सोडावयाचे, अशी ती युक्ती होती.

या खडकाने पुळणीच्या रक्षणास हातभार लावला. लाट खडकावर फुटली, की तिचे बरेचसे बळ तेथेच खर्ची पडते. खडकाच्या आडोशाला पाणी शांत होते आणि वाळू साठते. शिवाय पोत्यांवर समुद्रवनस्पती उगवल्या व त्यांच्या आश्रयाने मासे आले. मात्र लाटस्वारांचे समाधान काही विवक्षित दिवशीच होई. लाटेची दिशा, तिची उंची आणि भरती-ओहोटीची वेळ या तिन्ही गोष्टी जुळून आल्या, तरच लाट मनासारखी फुटे. भरतीच्या वेळी खडकावर पाणी फार झाले, तर लहान लाट न फुटताच पुढे जाते. ओहोटीला पाणी फार कमी उरले, तर लाट एकदम उसळून धोकादायक होते. पोतीही अमर नव्हती. २०१७-१८ साली नवी पोती टाकून खडकाची डागडुजी करावी लागली.

इतरत्र अनुभव अधिक कटू आले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बॉस्कम येथे २००९ साली ५५ मोठ्या पोत्यांचा खडक खुला झाला. परंतु त्यावरील लाट फार आखूड व फार तीव्र निघाली. पोत्यांची नासधूस झाल्याने २०११ साली तो वापरासाठी बंद करावा लागला. न्यूझीलंडमध्ये माउंट माँगानुई येथील खडकाजवळ तळाला मोठा खड्डा पडला आणि पाण्याची ओढ वाढली. पोहणाऱ्यांना धोका नको, म्हणून २०१४ साली तो खडक काढण्याचे काम हाती घेण्यात आले. लाटस्वारांसाठी बांधलेली वस्तू पोहणाऱ्यांच्या जिवावर उठू लागली, तर तिला लाभदायक कसे म्हणावे?

तथापि अपयशातूनही ज्ञान मिळते. २०१९ साली गोल्ड कोस्टच्याच पाम बीच या भागात नवा खडक तयार झाला. या वेळी पोत्यांऐवजी सुमारे ६०,००० टन दगड वापरले. खडक किनाऱ्यापासून सुमारे २७० मीटर दूर आहे. किनाऱ्याची धूप कमी करणे हे त्याचे पहिले काम होय. परंतु लाटस्वारही आता त्याच्याकडे वळले आहेत. पूर्वीच्या खडकांची मापे आणि त्यांचे दोष ठाऊक नसते, तर हे काम अधिक अवघड गेले असते.

कृत्रिम खडक म्हणजे समुद्राला दिलेली आज्ञा नव्हे. तो समुद्राला विचारलेला एक प्रश्न आहे. प्रश्न नीट विचारावयाचा, तर आधी वर्षानुवर्षे लाटा मोजाव्या लागतात, वाळू कोठून येते व कोठे जाते ते पाहावे लागते आणि ज्यांचा त्या किनाऱ्याशी रोजचा संबंध, त्या सर्वांचे ऐकावे लागते. पुळणीजवळ राहणारे, पोहणारे, मासेमारी करणारे आणि लाटांवर खेळणारे या सर्वांचा समुद्र एकच आहे. एकाच्या सोयीसाठी तळाशी ठेवलेला दगड दुसऱ्याची लाट बदलून टाकतो. एल सेगुंडोच्या तरुणांनी हे आपल्या हरवलेल्या लाटेवरून ओळखले. तळाला हात लावण्यापूर्वी जे हे ध्यानात घेतील, त्यांचाच खडक टिकेल आणि उपयोगीही पडेल.

शब्दार्थ
पुळण – समुद्रकाठची वाळूची जागा. धूप – पाण्याने माती किंवा वाळू वाहून जाणे. विवक्षित – ठरावीक. क्षुल्लक – अगदी लहान. डागडुजी – दुरुस्ती.

अभ्यास
१. लाट उथळ पाण्यात आल्यावर तिच्यात कोणते बदल होतात?
२. कवायत करणाऱ्या मुलांचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे?
३. एल सेगुंडो येथील खडक अपयशी का ठरला?
४. नॅरोनेकच्या खडकापासून कोणते लाभ झाले? त्याच्या मर्यादा कोणत्या?
५. ‘लाट ही कोणाच्या मालकीची वस्तू नसली, तरी तीही लोकांची ठेव आहे.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
६. वाक्यात उपयोग करा : तोल सावरणे, हातभार लावणे, जिवावर उठणे.