राणी प्रभावतीगुप्ता

फर्दापूर गावाहून वाघूर नदीच्या खोऱ्यात शिरले की अजिंठ्याची लेणी दृष्टीस पडतात. त्यांपैकी १६ व्या लेण्यातील कोरीव लेखात मंत्री वराहदेव याने आपला स्वामी हरिषेण याच्या वाकाटक घराण्याची वंशावळ दिली आहे. हरिषेणाची शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील. याच घराण्याची दुसरी शाखा रामटेकजवळील नंदिवर्धन येथे नांदत होती. तेथे चौथ्या शतकाच्या अखेरीस एका राणीने राज्य चालविले. तिचे नाव प्रभावतीगुप्ता.

प्रभावती ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या. तिची आई कुबेरनागा ही नागकुळातील होती. माळवा व गुजरात येथील क्षत्रपांशी झुंजताना दक्षिणेकडून वाकाटकांचे साहाय्य असावे, या हेतूने चंद्रगुप्ताने तिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी लावला, असे इतिहासकार मानतात. परंतु रुद्रसेन अकाली निवर्तला. पुत्र लहान होते. तेव्हा युवराज दिवाकरसेन याच्या नावाने प्रभावतीने राज्यसूत्रे हाती घेतली.

पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनाहून १३ व्या वर्षी दिलेला आहे. त्यावरील मुद्रेत ती स्वतःला युवराजाची जननी म्हणविते. एवढी वर्षे लोटली तरी दिवाकरसेन युवराजच होता! तो राजा झाल्याचा उल्लेख कोठेही आढळत नाही. पुढे गादीवर आलेला तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे काव्य आहे.

या ताम्रपटात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राज्य वाकाटकांचे, पण वंशावळ दिली आहे ती गुप्तांची. आणि गोत्रही तिने सासरचे विष्णुवृद्ध न सांगता माहेरचे धारण हेच सांगितले आहे. सोफी या जर्मन राजकन्येची गोष्ट याहून निराळी. ती १७४४ मध्ये रशियास गेली, तेथे तिने धर्म बदलला, कॅथरिन हे नाव घेतले आणि १७६२ मध्ये पतीस पदच्युत करून ती सम्राज्ञी झाली. प्रभावतीला माहेर सोडून राज्य करावे लागले नाही. अर्थात, माहेर जर सम्राटाचे असेल, तर ते कोण सोडील?

प्रवरसेनाच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने रामगिरीहून दिलेला ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडला. त्यातही तिने गुप्तांचीच वंशावळ सांगितली आहे. अलीकडे नगरधन, म्हणजे त्या काळचे नंदिवर्धन, येथील उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे.