टॉन्सिलचं ऑपरेशन आणि पुढचे दहा दिवस

टॉन्सिल काढायचं ठरलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, लेझरनं करता ना?" जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तरही तोंडपाठ झालंय: लेझर म्हणजे शेवटी उष्णताच. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2003-04 मध्ये सुमारे 34 हजार रुग्णांची पाहणी झाली. उष्णतेनं टॉन्सिल सोडवलेल्या रुग्णांत नंतरचा रक्तस्राव साध्या हत्यारांपेक्षा जास्त आढळला. विजेच्या उष्णतेनं रक्त थांबवणारा बायपोलर चिमटा मीही वापरतो, पण रक्तवाहिनीच्या टोकापुरता. भाजलेला भाग जितका मोठा, तितकी खपली जाड. आणि ती सुटते तेव्हाच खरी काळजी असते.

तिसरीतल्या एका मुलाचं ऑपरेशन अगदी सुरळीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी घरी गेला, चौथ्या दिवशी अंगणात खेळायलाही लागला. मग नात्यातलं लग्न आलं, मंडळी गावाकडे गेली. सातव्या रात्री आईला जाग आली, तर पोरगा झोपेत सारखे आवंढे गिळत होता. तहान लागली असेल म्हणून तिनं पाणी पाजलं. पहाटे उलटी झाली, काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ पांढरेफटक पडले होते आणि नाडी पळत होती. पुन्हा भूल, रक्ताची बाटली, टॉन्सिलच्या जागेच्या खालच्या टोकाला एक टाका, आणि पोरगा वाचला. ऑपरेशनमध्ये काही चुकलं नव्हतं, आईचंही नाही. झोपेतल्या आवंढ्यांकडे लक्ष ठेवा, एवढं कुणी तिच्या कानावर घातलं असतं तर ती मध्यरात्रीच निघाली असती.

तेव्हापासून डिस्चार्जच्या कागदावर पहिली ओळ तीच असते, आणि ती मी स्वतः वाचून दाखवतो. पहिल्या 24 तासांतला रक्तस्राव आमच्या नजरेसमोर होतो. दुसरा साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, घरी होतो. म्हणून दहा दिवस लग्न, जत्रा, देवदर्शन बंद. जिथून तासाभरात दवाखाना गाठता येईल, तिथंच राहायचं.

टेबलावरच्या कामाबद्दल नव्या डॉक्टरांना दोनच गोष्टी सांगतो. तोंड उघडं ठेवणारा गॅग ताणलेला असला की लहान रक्तवाहिन्या दबून राहतात आणि जागा कोरडी दिसते. तो कोरडेपणा फसवा. गॅग सैल करा, थोडं थांबा, पुन्हा ताणा आणि खालचं टोक नीट बघा. दुसरं, पडजिभेच्या मागे, नाकाच्या मागच्या पोकळीत रक्ताची गुठळी दडून बसते. श्वासाची नळी काढल्यावर ती खाली सरकली तर श्वासनलिका बंद होऊ शकते. तिथं सक्शन फिरवल्याशिवाय भूलतज्ज्ञांना 'झालं' म्हणायचं नाही. घशात पॅक ठेवला असेल तर सिस्टरनी तो फळ्यावर लिहायचा आणि बाहेर आला की सगळ्यांसमोर खोडायचा. लक्षात राहील, असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि हो, सहा-सात वर्षांच्या पोरांचे दात हलत असतात. कुठला हलतोय ते पालकांनी आधीच सांगावं. घरात कुणाला जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर तेही.

घरी गेल्यावर लोक मोबाइलचा टॉर्च लावून घसा बघतात आणि घाबरून फोन करतात, "पू झालाय!" तो पांढरट-पिवळा थर म्हणजे भरत आलेली जखम. खरवडू नका. तोंडाला वास येतो, कान दुखतो. घशाची आणि कानाची एक नस सामाईक आहे, म्हणून. कानात तेल घालू नका. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, वेळच्या वेळी. अ‍ॅस्पिरिन नाही, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर मुळीच नाही. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं टॉन्सिलनंतर मुलांना कोडीन देऊ नये असा कडक इशारा दिला, कारण काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार वेगानं होतं आणि श्वास मंदावतो. आठवडाभर नुसतं आइस्क्रीम भरवणं ही आजीची माया. पाणी भरपूर द्यावं, आणि मऊभातावरून लवकर पोळी-भाजीवर यावं. चावल्या-गिळल्यानं घसा आखडत नाही.

लालभडक रक्त दिसलं, अगदी चमचाभर असलं आणि आपोआप थांबलं, तरी सकाळची वाट बघू नका. मुलाला बसवून पुढे वाकवा, रक्त गिळू न देता भांड्यात थुंकू द्या, आडवं करायचंच झालं तर कुशीवर. हळद-दूध, पाणी, काहीही पाजू नका. भांडं बरोबर आणा, म्हणजे किती गेलं याचा अंदाज येतो. कॅज्युअल्टीत पोचल्यावर 'टॉन्सिलचं ऑपरेशन झालंय, आज कितवा दिवस' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि शेवटचं काय, कधी खाल्लं तेही. एरवी आम्ही सहा तास उपाशी ठेवून भूल देतो. इथं मात्र गिळलेल्या रक्तानं पोट भरलेलंच आहे असं धरून भूलतज्ज्ञ तयारी करतात.