हिरवा दिवा आणि सोळा खोटे आकडे

यूपीएस बंद पडला म्हणून आमची पतसंस्था बंद पडली, असं गावात सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. यूपीएस त्या दिवशी बंद पडलाच नाही. तो कित्येक महिन्यांपूर्वीच संपला होता, फक्त पुढचा हिरवा दिवा चालू होता. ‘कॉम्प्युटरवाल्यानं लक्ष दिलं नाही’ (तो कॉम्प्युटरवाला मीच) असं अजून ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या ताब्यात अशी एखादी सर्व्हर रूम आहे त्यांनी तर जरूर वाचावं.

आमची संस्था लोणखेड्याची, शहाद्याला लागूनच. शाखा तालुकाभर, सगळ्यांचा सर्व्हर मुख्य कार्यालयातल्या दहा बाय बाराच्या खोलीत. उद्घाटनाच्या वेळी तिच्या दारावर ‘डेटा सेंटर’ अशी पितळी पाटी लावली. पाटीला पैसे मिळाले, बॅटऱ्यांना जागा मिळाली नाही. सोळा बॅटऱ्यांचं कपाट बाहेरच्या पत्र्याच्या पडवीत गेलं. खोलीत एसी, पडवीत मे महिन्यातलं नंदुरबार जिल्ह्याचं ऊन. ही जागा कोणी ठरवली ते पुढे येईलच.

तो आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. खानदेशाबाहेरच्यांना कल्पना येणार नाही, पण आमच्याकडे आखाजी म्हणजे फक्त आमरस आणि झोके नव्हेत. सालदारांचं, म्हणजे सालावर ठेवलेल्या शेतगड्यांचं, नवं साल आखाजीपासून धरतात. शेतकऱ्याला त्या दिवशी रोख हातात लागते म्हणजे लागतेच. लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यांची लुगडी घ्यायची असतात. सकाळपासून काउंटरवर रांग होती. तेवढ्यात लाईट गेली.

लाईट जाणं आम्हाला नवं नाही. ऑटोमॅटिक पॅनलचा जनरेटर आहे, पंधरा-वीस सेकंदांत तो पुरवठा घेतो. यूपीएसनं सांभाळायचे ते एवढेच सेकंद. करारात अर्धा तास लिहिलेला होता! जनरेटर बाहेर घुमायला लागला तेव्हा सर्व्हरचे पंखे थांबलेले होते. यूपीएस दोनदा केकाटला आणि गप्प झाला. रांगेतले एक आबा म्हणाले, “पैसा आमना, आन मशीन तुमनं बंद?” यावर काय बोलणार?

पुढचं थोडक्यात. लोड मेंटेनन्स बायपासवरून थेट जनरेटरवर घेतला, सर्व्हर उठवला, डेटाबेस दुरुस्त होईपर्यंत दुपार कलली. बायपास कसा टाकायचा हे देखभाल करणाऱ्या कंपनीनं कधी शिकवलं नव्हतं. मी मॅन्युअल वाचून ठेवलं होतं म्हणून निभावलं. कंपनीला फोन केला तर “इंजिनिअर दुसऱ्या साईटवर आहेत सर, सणानंतर पाठवतो.” चोवीस तासांत माणूस येईल असं त्यांच्याच करारात छापलेलं आहे.

रात्री मॅनेजर साहेबांच्या समोर, त्यांची लेखी परवानगी घेऊन, आमच्या नेहमीच्या वायरमनला बरोबर घेऊन मी कपाट उघडलं. आता खरी गोष्ट ऐका. कपाटाच्या चारही स्क्रूंवर कारखान्यातला रंग जसाच्या तसा होता. स्क्रू एकदा जरी फिरला तरी तो रंग तडकतो. म्हणजे बसवल्यापासून हे कपाट कोणी उघडलंच नव्हतं. आणि माझ्या फायलीत दर तिमाहीचा सर्व्हिस रिपोर्ट होता, त्यात प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज लिहिलेलं: 13.6, 13.6, 13.6... एक ते सोळा. काही रिपोर्टांत तर पहिल्या ओळीनंतर नुसती ‘,,’ ही खूण. खाली ‘समाधानकारक’ असा शिक्का. मी फाईल मांडीवर घेऊन त्या पडवीतच बसून राहिलो. हा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

मग मीटर लावला. चौदा बॅटऱ्या 13.4-13.5 दाखवत होत्या. नववी 14.6 आणि तेरावी 14.9. वायरमन म्हणाला, “या दोन तर सगळ्यात जोरदार आहेत भाऊ!” बहुतेकांना असंच वाटेल. पण बॅटरी आतून सुकली की तिचा रोध वाढतो आणि चार्जिंग चालू असताना तिच्या टोकांवर व्होल्टेज जास्तच दिसतं. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढं कमी येतं, आणि बेरीज? तीच 218. यूपीएसच्या डिस्प्लेवर फक्त ही बेरीज दिसते. दर महिन्याला मी रजिस्टरमध्ये लिहीत होतो ती हीच. म्हणूनच ‘प्रत्येक बॅटरीची लोडवर तपासणी करून द्या’ असं मी कंपनीला लेखी कळवलं होतं. त्या पत्रांची पोच माझ्याकडे आहे.

खात्री करायला सर्व्हर बंद ठेवून मंडपवाल्याकडचे चार हॅलोजन आउटपुटला लावले. मीटर नवव्या बॅटरीवर धरला आणि यूपीएसचा इनपुट एमसीबी खाली केला. 14.6 वरून आकडा घसरला: 11, 8, 3, आणि मग आकड्याच्या आधी उणे चिन्ह आलं. बॅटरी वीज देण्याऐवजी उलटी फिरली होती. तेराव्या बॅटरीचंही तेच. पडवीतला तो पिवळाधमक उजेड एकदम गेला. सोळांपैकी चौदा चांगल्या असून उपयोग शून्य, कारण सगळ्या एकाच माळेत.

सणानंतर इंजिनिअर आला. आल्याआल्या काय केलं असेल? यूपीएस रिसेट करून इव्हेंट लॉग पुसला. “तशी प्रोसिजर आहे सर.” घटना घडली त्याच दिवशी मी लॉगच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. ‘बॅटरी लो’ची नोंद ‘मेन्स फेल’नंतर त्याच मिनिटाची होती. फोटो दाखवल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्याचे मोठे साहेब नंतर नाशिकहून आले. फार गोड बोलणारे. आधी म्हणाले, तुमचा लोड वाढलाय. क्लॅम्प मीटर लावला तर क्षमतेच्या निम्म्याच्याही आत. मग म्हणाले, तुमच्याकडची लाईटच खराब. अहो, लाईट चांगली असती तर यूपीएस कशाला घेतला असता? मग निघालं तापमान: “बॅटऱ्या उष्णतेत ठेवल्या, वॉरंटी बसत नाही.” मी त्यांच्याच कंपनीचा सहीशिक्क्याचा नकाशा पुढे केला, कपाटाची जागा पडवीत दाखवणारा. शेवटचं अस्त्र, तुम्ही सील तोडलं. त्यावर मॅनेजर साहेबांची लेखी परवानगी दाखवली. मग पाणी मागितलं त्यांनी.

उष्णतेचं त्यांचं म्हणणं मात्र खोटं नाही, फक्त त्यांच्या तोंडी शोभत नाही. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर मोजून छापतात. त्यापुढे तापमान साधारण आठ-दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं होतं. पाच वर्षांची बॅटरी 35 अंशांत अडीच वर्षांवर येते. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर 43-44 असताना पत्र्याखाली किती असेल, हिशोब करा. बॅटऱ्यांना एसी द्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या संचालकांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. तोंडी सांगून पटत नाही.

आता कामाचं सांगतो. लोड टेस्ट झाल्याशिवाय सर्व्हिस रिपोर्टवर सही करू नका. वर्षातून दोनदा तरी, त्यातली एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, मेन्स बंद करून खऱ्या किंवा खोट्या लोडवर यूपीएस चालवून बघा. प्रत्येक बॅटरीचा आकडा चार्जिंगवर आणि लोडवर असा वेगवेगळा लिहून घ्या. सोळाही आकडे दशांशापर्यंत सारखे असतील तर ते मोजलेले नसून लिहिलेले आहेत. जो आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळा, वर किंवा खाली, त्याच्यावर लक्ष ठेवा. लोडवर 10.5 च्या खाली सर्वांत आधी जाणारी बॅटरी ती तुमची कमजोर कडी. शक्य असेल तर आतला रोध मोजणारं यंत्र आणायला लावा.

नव्या बॅटऱ्या घेताना अंगावरचा उत्पादनाचा कोड वाचा. गोदामात पडून राहिलेली बॅटरी ‘नवी’ म्हणून गळ्यात मारतात. चार्ज न करता सहा महिने पडलेली बॅटरी घेऊच नका. संच जुना झाला असेल तर एकदोन बदलून भागवू नका. जुन्या माळेत नवी बॅटरी घातली की तीही लवकर जाते. जुन्यांचं वजन करून भंगाराची किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा, नाहीतर ‘बायबॅक’च्या नावाखाली शिसं फुकट जातं.

बिघाड झाला तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका. आधी लॉगचे फोटो, मग इनपुटचं व्होल्टेज, मग न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज. ते एकदोन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा, आमच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. मग बॅटऱ्या. मग जोडपट्ट्या घट्ट आहेत का, गरम लागतात का. पंखे आणि कपॅसिटर पाच-सात वर्षांनी बदलावेच लागतात. आणि दोनशेच्या वर डीसी व्होल्टेज असतं, ते पकडलं की सोडत नाही. अंगठी, घड्याळ काढून, ब्रेकर उघडून, जाणत्या माणसाबरोबरच हात घाला. एकट्यानं नाही.

मोठ्यांचंही काही वेगळं नसतं. 27 मे 2017 ला लंडनमधल्या डेटा सेंटरची वीज तुटून बेशिस्तपणे परत जोडली गेली आणि ब्रिटिश एअरवेजचे सुमारे 75 हजार प्रवासी अडकले. म्हणून वीज आल्यावर सगळं एकदम सुरू करू नका: आधी स्टोरेज, मग सर्व्हर, मग बाकी. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये मुदत उलटलेल्या लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि 709 सरकारी प्रणाली बंद पडल्या. आणि 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी मुंबईची वीज गेली तेव्हा, ज्यांना कधी यूपीएसची आठवण होत नाही त्यांनाही झाली. आम्हाला इथे ती आठवण रोज होते, तरीही आम्ही हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवतो.

सर्वसाधारण सूचना म्हणजे बॅकअप रोज घ्या, करार नीट वाचा, नंबर भिंतीवर लावा वगैरे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. माझा भर एकाच गोष्टीवर आहे: जे कळवाल ते लेखी कळवा आणि पोच घ्या. माझ्याकडे पोच नसती तर आज हे लिहायला मी या नोकरीत नसतो.

कंपनीनं अखेर निम्म्या किमतीत नवा संच दिला, तोही उपकार केल्यासारखा. कपाट आता आत आलं आहे. चेअरमन साहेबांनी ‘तुमचं बरोबर होतं’ असं अजून म्हटलेलं नाही. सभेच्या इतिवृत्तात त्या दिवसाबद्दल ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच लिहिलं आहे. ते ‘देखभालीतील हलगर्जीपणा’ असं दुरुस्त करावं, असा अर्ज मी दिला आहे. पोच घेतली आहे.