रान नव्हे, स्त्रीबीज
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घर शेतकऱ्याचे, त्यामुळे बोलण्यातल्या उपमाही शेतातल्याच. लग्नाला सहा वर्षे झाली तरी वहिनीला मूल नाही. त्यावर आजी म्हणते, "रानच खडकाळ, तर बी काय करील?" वहिनी खाली मान घालून भाकरी थापत राहते. दादाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही.

बाई म्हणजे जमीन आणि बी तेवढे पुरुषाचे, ही उपमा कितपत खरी? शाळेत हा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलेला. म्हणून कलाशाखेचा विद्यार्थी असूनही मी ग्रंथालयातल्या जीवशास्त्राच्या कपाटापाशी गेलो.

पहिलाच शब्द भेटला तो 'स्त्रीबीज'! म्हणजे बी दोघांचेही असते. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज १८२७ साली फॉन बेअर या शास्त्रज्ञाने शोधून काढले. पुढे १८७६ साली ऑस्कर हर्टविग याने समुद्री अर्चिन या काटेरी जलचराच्या अंड्यात नर व मादी यांची केंद्रके एकरूप होताना सूक्ष्मदर्शकातून पाहिली.

मनुष्यात हे मीलन बीजवाहिनीत होते. कोट्यवधी शुक्रजंतू निघतात, पण तेथवर पोहोचतात फार थोडे. शिवाय निघतानाच ते फलनास लायक नसतात. ती पात्रता त्यांना स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावर येते. स्त्रीबीजाभोवती पारदर्शक कवच असते. शुक्रजंतूच्या डोक्यावरची टोपीसारखी पिशवी फुटते आणि शेपटीच्या जोरावर तो हे कवच भेदतो.

तरीही काम संपत नाही. दोघांची ओळख पटावी लागते. शुक्रजंतूवरील 'इझुमो' हे प्रथिन जपानी संशोधकांनी २००५ साली प्रसिद्धीस आणले. विवाहाच्या नवसासाठी ख्यात असलेल्या तेथील देवस्थानाचे नाव त्याला दिले. त्याला धरणारे स्त्रीबीजावरील प्रथिन २०१४ साली इंग्लंडमध्ये सापडले. त्याचे नाव 'जुनो', म्हणजे रोमन लोकांची विवाहदेवता. उंदराच्या मादीत जुनो नसेल तर तिला पिल्ले होत नाहीत. नरात इझुमो नसेल तर त्यालाही होत नाहीत. दोष दोन्हीकडे असू शकतो, तो असा.

एक शुक्रजंतू आत आला की स्त्रीबीजात कॅल्शियमची लाट उसळते, पृष्ठभागावरचे जुनो गळून पडते, कवच घट्ट होते आणि इतरांना दार बंद होते. स्वतः दार लावून घेणारी जमीन कोणी पाहिली आहे काय?

अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ एमिली मार्टिन यांनी १९९१ साली दाखवून दिले, की शास्त्राची पुस्तकेही शुक्रजंतूला शूर वीर आणि स्त्रीबीजाला वाट पाहत बसलेली नायिका करून टाकतात. तेव्हा चूक एकट्या आजीची नाही. मित्रहो, शब्द तपासणे हा तर आपल्या कलाशाखेचाच अभ्यास!

दिवाळीच्या सुट्टीत मी दादाला म्हणालो, "तपासणी दोघांनीही करून घ्या." तो काही न बोलता उठून गेला. चुलीपुढून वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, ते पुस्तक घरी आणता येईल का?"

ते पुस्तक सध्या माझ्या कार्डावर आहे.