भात सोडला, तरी वजन का उतरत नाही?

प्रश्न : वय ४२, उंची १५६ सेंमी, वजन ६८ किलो. दोन महिने भात बंद आहे, तरी काटा हलत नाही. संध्याकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे सुटत नाहीत. काय करू?
– एक वाचक, मलकपेठ, हैदराबाद

उत्तर : तुमचा बीएमआय सुमारे २८ येतो. भारतीयांसाठी २३च्या आत असणे योग्य. कंबरही मोजा, स्त्रियांमध्ये ती ८० सेंमीच्या आत हवी.

दोष एकट्या भाताचा नाही. त्याऐवजी जास्त पोळ्या खाल्ल्या, तर उष्मांक तेवढेच राहतात. इराणी चहात आटवलेले दूध आणि साखर, बिस्किटांत मैदा आणि स्निग्धांश असतो. रोजचा चहा आठवड्यातून दोनदाच घ्या. एरवी मूठभर फुटाणे किंवा ताक चालेल.

तुमच्याच शहरातील तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला सोपा आहे : अर्धे ताट भाज्या-फळांचे. उरलेल्यात वाटीभर भात, घट्ट वरण किंवा उसळ, दही. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चाला, दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करा.

आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुरे. आधी साडेतीन किलोंचे लक्ष्य ठेवा. थायरॉइड आणि साखरेची तपासणी मात्र लांबवू नका.