समुद्रकाठचे निळावणारे भूछत्र

पावसाळ्यात उगवणारी भूछत्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु आपण ज्यास भूछत्र म्हणतो, तो कवकाचा केवळ फलभाग होय. त्याचे खरे शरीर म्हणजे मातीत वा लाकडात पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे. अशाच एका विलक्षण जातीचा परिचय येथे करून घेऊ.

अमेरिकेत कोलंबिया नदी पॅसिफिक महासागरास जेथे मिळते, त्या परिसरातील वाळूच्या टेकड्यांवर, गवताच्या मुळांशी व कुजत्या लाकडावर ‘सायलोसायबी अ‍ॅझ्युरेसेन्स’ ही जाती वाढते. सप्टेंबरच्या अखेरीपासून तिची छत्रे दिसू लागतात. स्टॅमेट्स व गार्ट्झ यांनी १९९५ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. छत्र तपकिरी असून त्याच्या मध्यभागी रुंद उंचवटा असतो. देठ पांढरा असतो. छत्र कागदावर ठेवल्यास गळणाऱ्या बीजुकांचा ठसा गडद जांभळट तपकिरी उमटतो. दाबलेला भाग निळा पडतो.

हा निळेपणा कशामुळे येतो? या भूछत्रात सायलोसायबिन हे द्रव्य असते. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये ते एका मेक्सिकन जातीतून वेगळे केले. पेशींना इजा होताच त्यापासून सायलोसिन बनते व त्याचे ऑक्सिडीकरण होऊन निळी संयुगे तयार होतात. प्रस्तुत जातीत सायलोसायबिनचे प्रमाण शुष्क वजनाच्या १.७८ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. ज्ञात जातींत हे फार मोठे प्रमाण होय. हे द्रव्य मेंदूवर परिणाम करून इंद्रियज्ञान विपरीत करते. भारतात १९८५ च्या कायद्यान्वये ते बाळगणे हा गुन्हा आहे.

परंतु याहूनही मोठा धोका निराळाच आहे. याच प्रदेशात, कुजत्या लाकडावर, त्याच ऋतूत ‘गॅलेरिना मार्जिनाटा’ हे तपकिरी भूछत्र उगवते. त्याच्या बीजुकांचा ठसा गंजासारखा तपकिरी असतो. पण दोन्ही भूछत्रे शेजारी-शेजारी उगवू शकत असल्यामुळे एका छत्राची परीक्षा दुसऱ्याची हमी देत नाही. गॅलेरिनातील अ‍ॅमॅटॉक्सिन हे विष यकृताचा नाश करते. लक्षणे बहुधा सहा तासांनंतर दिसतात. पुढे रोग्यास काही काळ बरे वाटते आणि तेवढ्यात यकृताचा ऱ्हास चालूच राहतो. वॉशिंग्टन राज्यातील व्हिडबी बेटावर १९८१ मध्ये काही किशोरवयीन मुलांनी सायलोसायबी समजून गॅलेरिना खाल्ले. त्यांतील एका मुलीस प्राणास मुकावे लागले.

यावरून वाचकांनी इतकेच ध्यानी घ्यावे की, रंग व आकार ही अभ्यासाची साधने आहेत, अभयपत्र नव्हेत. रानातील अनोळखी भूछत्र पाहावे, त्याचे चित्र काढावे. पण ते कधीही तोंडात घालू नये. कोणी चुकून खाल्लेच, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा सोबत घेऊन त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.