सागरातील चराऊ राने

बीड जिल्ह्यातील दिंद्रुड गावापासून समुद्र फार दूर आहे. तरीही समुद्रातील एक कोडे तेथील मेंढपाळास सहज उकलेल. गवत विरळ असले म्हणजे मेंढ्या भराभर सरळ पुढे जातात. दाट गवत लागले, की कळप तेथल्या तेथे घुटमळतो. कळपाची चाल दुरून पाहूनही चारा कोठे आहे, हे ओळखता येते.

थंड समुद्रांत राहणारा सील हा सस्तन प्राणी आपले भक्ष्य कोठे मिळवतो, हे शास्त्रज्ञ याच रीतीने ओळखतात. परंतु सील खोल पाण्यात बुडी मारतो. तेथे माणसाची दृष्टी पोचत नाही. 1960 नंतरच्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकातील वेडेल सीलच्या अंगावर खोली नोंदणारे यंत्र बसवले. वेळ मोजण्यासाठी त्याने स्वयंपाकघरातील साधे घड्याळ त्यात वापरले होते. हे सील सुमारे 600 मीटर खोल जातात, असे त्यावरून दिसून आले.

आज अशा यंत्रांचे संदेश उपग्रहामार्फत मिळतात. सील सरळ व वेगाने पोहत असेल, तर तो वाटेवर आहे. वळणे घेत रेंगाळत असेल, तर भक्ष्य जवळ असावे. पण मंद गती ही विश्रांतीचीही खूण असू शकते. म्हणून बुडीही पाहावी लागते. खाली जाऊन तो लगेच वर आला, तर बहुधा शोधच चालू असतो. खोलवर बराच वेळ राहून त्याच जागी पुन्हा पुन्हा बुड्या मारू लागला, तर तेथे अन्न असण्याचा संभव मोठा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सील नाहीत. परंतु कासवे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे जानेवारी 2022 मध्ये कांदळवन प्रतिष्ठान व भारतीय वन्यजीव संस्था यांनी एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवले. तिचे नाव ‘प्रथमा’. कासव श्वासासाठी वर आले, की यंत्राचा संदेश उपग्रहाकडे जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, हे अशाच संदेशांवरून कळले.

किनाऱ्यावर गावकरी कासवांची अंडी जपतात. पण दूर समुद्रात जाळ्यात अडकलेले कासव श्वासावाचून गुदमरून मरते. ते कोठे चरते हे कळले, तर तेथे जाळी जपून टाकता येतील. ज्याचे रक्षण करावयाचे, त्याची वाट आधी ठाऊक हवी.

स्वाध्याय

1. केवळ मंद गतीवरून सीलचे भक्ष्यस्थान का ठरवता येत नाही?
2. किनाऱ्यावर अंडी जपणे पुरेसे का नाही?
3. घुटमळणे, रेंगाळणे, वळसा घालणे यांचा वाक्यांत उपयोग करा.